खाड्यांच्या वेळेवर चालायचं: मालवण ते दिवेआगर, आठ दिवसांची किनारी सहल कशी आखावी

कोकणात किनाऱ्या-किनाऱ्यानं गाडी घेऊन जायचं ठरलं की आपण पहिलं काय करतो, तर मोबाइलवर नकाशा उघडून किलोमीटर मोजतो. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. दापोलीहून संध्याकाळी निघायचं आणि रात्रीचं जेवण गुहागरात, असा बेत. नकाशावर दाभोळ आणि धोपावे अगदी समोरासमोर दिसतात. धक्क्यावर पोचलो तर शेवटची फेरीबोट पलीकडे जाऊन लागलेली. समोर धोपाव्याचे दिवे, मधे वाशिष्ठीची खाडी, आणि मागच्या सीटवर पेंगुळलेली दोन मुलं. मग दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा घालून मध्यरात्री गुहागर गाठलं. खानावळीतल्या काकू आमची पानं झाकून जाग्या होत्या. रागावल्या नाहीत, पण गरम भात वाढता वाढता म्हणाल्या, “बोटीची वेळ आधी विचारायची होती ना, दादा.”

ते वाक्य मी आजवर प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलोय. कोकणातलं अंतर खाड्यांत मोजायचं असतं. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी इथे रस्ता तोडून समुद्राला मिळते. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी अजून बोट. आणि समुद्राचं सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. हे दोन हिशेब जमले की बाकीची सहल आपोआप जमते, म्हणून आखणीही त्याच क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: महिना

पहिल्यांदा जाणाऱ्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा आठवडा धरावा. हवा बरी असते, समुद्र निवलेला असतो, बोटी चालू असतात. पावसाळ्यात कोकण देखणं दिसतं यात वाद नाही. पण तेव्हा जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि वारा उठला की फेरीबोटीचाही भरवसा नसतो. एप्रिल-मेमध्ये आंबा मिळतो, पण दुपारी अकरा ते चार अंगाची लाही होते. आंब्यासाठी जायचं तर स्वतंत्र जा आणि एकाच गावात मुक्काम ठोका.

दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा टाळा, हे कुणीही सांगेल. त्याशिवाय काही तारखा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाहीत. आंगणेवाडीच्या जत्रेच्या वेळी मालवण तालुक्यात खोली मिळणं मुश्कील असतं, आणि त्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी दिवस ठरतो. तो जाहीर झाला की मगच मालवणचं बुकिंग करा. महाशिवरात्रीला कुणकेश्वर भरलेलं असतं, अंगारकीला गणपतीपुळे. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांचा. त्यांना वाट मोकळी द्यावी.

दुसरी पायरी: तिथी

माझ्या मते सगळ्या आखणीतली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

दिवसातून साधारण दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसं ती तिथीवरून काढतात. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येते. मालवणकडे ती उत्तरेपेक्षा जरा आधी येते. हा झाला अंदाज. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचाच. नेमक्या मिनिटासाठी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या. पण दोन महिने आधी घरी बसून सहल आखायला कालनिर्णय पुरतं.

हा हिशेब कशासाठी, तर पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. भरती दुपारी असल्यामुळे ओहोटी बरोबर सकाळी आणि संध्याकाळी लागते, म्हणजे आपण फिरायला बाहेर पडतो त्याच वेळी पुळण मैलभर रुंद, ओली आणि कडक झालेली मिळते. अष्टमीच्या सुमारास उलटं होतं. त्याला भांगाची भरती म्हणतात. सूर्यास्ताच्या वेळी पाणी सुरूच्या बनापर्यंत येऊन ठेपतं आणि पाय ठेवायला पुळण उरत नाही. त्याच गावातून दोन माणसं आठवडाभराच्या अंतरानं येतात, एक म्हणतो किनारा किती सुंदर, दुसरा म्हणतो तिथे काहीच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून मी सहल शुद्ध एकादशीला सुरू करतो. पहिला दिवस नुसता प्रवासाचा, त्यामुळे उपवास करणाऱ्यांचीही गैरसोय नाही. पाचव्या दिवशी पौर्णिमा येते, आणि संकष्टी येण्याआधी आपण घरी परत.

तिसरी पायरी: दिशा

जवळजवळ सगळे जण अलिबागपासून सुरुवात करून दक्षिणेला सरकतात. मी नव्या माणसाला उलटं सुचवतो. पहिल्याच दिवशी घाटमाथ्यावरून थेट मालवण गाठा आणि मग किनाऱ्यानं उत्तरेकडे घराच्या दिशेनं या.

यात दोन फायदे आहेत. उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला राहतो. एखाद्या वळणावर थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडावा लागत नाही, गाडी सरळ डावीकडे घेता येते. मुलं बरोबर असतील तर ही फार मोठी सोय आहे. दुसरं म्हणजे, लांबचा पल्ला पहिल्या दिवशी, अंगात उत्साह असताना होऊन जातो. दक्षिणेकडे जाणाऱ्यांची सहल शेवटच्या दिवशीच्या दहा-बारा तासांच्या परतीनं आंबते. आठ दिवसांचा सगळा आनंद त्या एका दिवसात विरतो, हे मी तीनदा अनुभवलंय.

पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट असं उतरून कणकवलीमार्गे मालवण. मुंबईकरांनी पहाटे चारला महामार्ग धरावा, किंवा वाटेत चिपळूणला एक मुक्काम वाढवावा. घाट कोणता चालू आहे ते निघण्याआधी विचारून घ्या. दुरुस्तीसाठी एखादा घाट महिनोन्‌महिने बंद असतो आणि नकाशाला ते ठाऊक नसतं.

चौथी पायरी: दिवस पाडणं

किनारी रस्त्यावर तासाला तीस किलोमीटरच धरा. रस्ता अरुंद आहे, वाड्यांमधून जातो, वळणापलीकडून एसटी येते, आणि चिऱ्यानं भरलेला ट्रक पुढे लागला की दोन गावं त्याच्या मागेच जातात. दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर जाऊ नका. एखादाच दिवस जास्त होईल, तो पुढे सांगतो.

दुसरा दिवस, द्वादशी, मालवणात. सकाळी धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ मध्ये काम सुरू होऊन १६६७ मध्ये हा किल्ला उभा राहिला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीवाला परतीची ठरावीक वेळ देतो आणि तेवढ्यात तटावरून सगळं होत नाही. मग आधी विहिरी आणि शिवराजेश्वराचं देऊळ पाहा, उरलेल्या वेळात तट. दुपारनंतर तारकर्ली, आणि पुढे देवबागच्या टोकापर्यंत जा, जिथे कर्लीची खाडी समुद्राला मिळते. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला शांत खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली उतरलात तर प्रवाळाला हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी, त्रयोदशीला, घाई करू नका. मालवणात निवांत जेवून मग आचऱ्यामार्गे कुणकेश्वर. कारण ओहोटी साडेतीन-चारला लागते, आणि देवळाच्या खालच्या खडकांत कोरलेली शिवलिंगं पाणी उतरल्यावरच दिसतात. सकाळी येऊन गेलेल्यांना ती तिथे आहेत हेही कळत नाही. मुक्काम देवगडला.

किनाऱ्यावरच्या दिवसांत चौथा दिवस सगळ्यात लांबचा. देवगडहून सकाळी लवकर निघून विजयदुर्ग. तिहेरी तटाचा हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं होता, १७५६ मध्ये तो पडला. तो पाहून वाघोटनच्या खाडीला वळसा घालून जैतापूर, पुढे कशेळी. इथे कनकादित्याचं देऊळ आहे, आणि जवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे. त्याच्या पोटात इतर प्राणी आहेत. ही कातळशिल्पं दुपारी बाराच्या उन्हात दिसत नाहीत, सगळा सडा सपाट भासतो. सूर्य कलला की खाचांत सावली भरते आणि पायाशी अचानक सोंड उमटते, मग पाय. मी तिथे दहा मिनिटं नुसता शोधत उभा होतो आणि मुलीनं, तिची उंची कमी म्हणून असेल, माझ्या आधी डोळा हेरला. चित्रावर पाय देऊ नका, पाणी ओतू नका, खडूनं रेषा ओढू नका. फोटो नाही आला तरी चालेल. कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली आहे, पण बहुतेक ठिकाणी राखणाला कुणी नसतं, तुम्हीच असता. तिथून गावखडीची पुळण, पूर्णगड, पावस करत रत्नागिरी.

पाचवा दिवस, पौर्णिमा. माझ्या मते सहलीतला सगळ्यात सुंदर दिवस, आणि सगळा बेत याच दिवसासाठी बांधलेला. सातच्या आत रत्नागिरी सोडा. आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कडेनं जातो आणि एका वळणावर दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. वळणावर गाडी थांबवू नका, पुढे मोकळी जागा आहे. गणपतीपुळ्याचं दर्शन, मग जयगड. तिथून शास्त्रीची खाडी फेरीबोटीनं ओलांडून तवसाळ, आणि अकरा-साडेअकराला हेदवीची बामणघळ. काळ्या खडकात समुद्रानं कापलेली ही अरुंद चीर. भरतीची लाट तिच्यात शिरते, आत दाबली जाते, मग पोटातून एक हुंकार येतो आणि पाणी उभं उसळतं. ओहोटीला इथे नुसती कोरडी फट असते. कठड्यासारखा वाटणारा ओला खडक असेल तिथे जाऊ नका, लांबून पाहा. एक लाट लहान आली म्हणून पुढचीही लहान येईल असं नसतं. दुपारी वेळणेश्वर, मुक्काम गुहागर. रात्री जेवण झालं की पुळणीवर जा. चांदणं आहे आणि पाणी हळूहळू चढायला लागलेलं आहे.

सहाव्या दिवशी धोपावे-दाभोळ बोट. पुढे कर्दे-मुरूड, आणि संध्याकाळी चारच्या पुढे हर्णे बंदर, कारण लिलाव तेव्हा भरतो. होड्या लांब पाण्यात नांगरलेल्या असतात. समोर सुवर्णदुर्ग. माशांच्या पाट्या किनाऱ्यावर येतात, वाळूवर रास पडते, आणि तिच्याभोवती कडं करून बायका उभ्या राहतात. बोली इतकी भरभर चढते की नव्या कानाला आकडे सुटे ऐकूच येत नाहीत. एकीनं मान हलवली की रास तिची. दुसऱ्याच क्षणी ती पाटीत भरलेली. आपण बाजूला उभं राहून पाहावं, कड्याच्या आत घुसून मोबाइल धरू नये, तिथे लोकांचं पोट चाललेलं असतं. विकत घ्यायचं असेल तर लिलाव सोडून बाजूला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडे जा. मुक्काम आंजर्ले.

सातव्या दिवशी केळशी, वेळास, आणि वेसवी-बागमांडला बोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून हरिहरेश्वर. वेळासला फेब्रुवारी-मार्चच्या पुढे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पिल्लं त्या दिवशी बाहेर येतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि आली तर विजेरी किंवा फ्लॅश मारायचा नाही. हरिहरेश्वरला पोचल्यावर लगेच प्रदक्षिणेला निघू नका. ती वाट डोंगराच्या पोटाखालून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते आणि ओहोटीतच चालता येते. द्वितीयेला दुपारी भरती आहे. म्हणून रात्री तिथेच राहा. आठव्या दिवशी तृतीया, ओहोटी सकाळी आठच्या आसपास. सातला देवळात विचारा, समुद्र शांत आहे म्हणाले तरच निघा आणि पाणी उलटायच्या आत परत या. ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. या वाटेवरून माणसं वाहून गेली आहेत.

मग श्रीवर्धन, तिथून शेखाडीवरून दिवेआगर. हा तुकडा अगदी लाटांच्या शेजारून जातो. दिवेआगरला जेवून म्हसळा, माणगाव, ताम्हिणीमार्गे पुणे. मुंबईकरांनी दिघी-आगरदांडा बोट घेऊन मुरूड, काशीद, अलिबाग. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला गाडीसकट जाणारी रो-रो २०२० पासून सुरू आहे, तिचं तिकीट मात्र आधी काढून ठेवा. जंजिरा या सहलीत कोंबू नका. त्याला वेगळा शनिवार-रविवार द्या.

बोटीवर गाडी चढवताना

नव्या चालकाला याची धास्ती असते. धक्क्यावरचा माणूस सांगेल तसं करा. कधी सरळ चढवायला लावतात, कधी उलट. काचा खाली घ्या म्हणजे त्याचा आवाज ऐकू येईल. ओहोटीत उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो, तेव्हा बाकीच्यांना आधी उतरवून चालकानं एकट्यानं गाडी घ्यावी. बोटीवर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. आणि पहिली व शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. इंटरनेटवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं, शेजारच्या वाडीतल्या माणसाची माहिती कालची असते.

जेवणाची तजवीज

कोकणात चांगलं जेवण घरांतून मिळतं, आणि घर म्हणजे आधी सांगावं लागतं. सकाळी दहाच्या आत फोन करा. “किती पानं?” हा पहिला प्रश्न येईल, “मासे की शाकाहारी?” हा दुसरा. नेमका आकडा सांगा आणि ठरलेल्या वेळी पोचा. तुमच्यासाठी नारळ खवला गेलेला असतो. न कळवता बेत बदलला तर ते अन्न आणि त्या बाईची सकाळ दोन्ही वाया जातात. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा.

मासे मागताना नाव घेऊन हट्ट धरू नका. “आज बंदरावर काय आलंय?” असं विचारा. सगळे सुरमई-पापलेट मागतात, म्हणून ते महाग असतं आणि कधी बर्फातलंही असतं. त्या दिवशी ताजा बांगडा आलेला असेल तर तिरफळ घातलेलं त्याचं तिखलं मागवा. मालवणात कुर्ल्या, तिसऱ्या, कोंबडी-वडे. रस्सा संपला की सोलकढी भातावर घ्या आणि थोडी वाटीत राखून ठेवा. सोमवारी, गुरुवारी काही घरांत मासे होत नाहीत, मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर नाहीच. ते त्यांचं घर आहे, हे लक्षात ठेवून दिवस जुळवा.

मासे न खाणाऱ्यांनी ही सहल आपली नाही असं मानू नये. माझी आई शाकाहारी, आणि तिच्याइतकं तृप्त होऊन कुणी परतलं नाही. मालवणकडे आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. रत्नागिरीच्या पुढे कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ. गुहागरपासून दिवेआगरपर्यंत मोदकांचं राज्य. रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे घालून मडकं पालथं जाळात. ती रात्रीची असते आणि माणसं जमवून होते, म्हणून मुक्काम ठरवतानाच विचारा.

दुपारी भरपेट जेवल्यावर लगेच गाडी चालवू नका. सोलकढीनंतर झोप येते. तासभर आडवं व्हायची वेळ बेतातच धरा.

गाडी, पैसे, पाणी

पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या: मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली, श्रीवर्धन. अर्ध्या टाकीखाली काटा जाऊ देऊ नका. स्टेपनीत हवा आहे ना ते घरीच बघा. जवळ रोख ठेवा, कारण सड्यावर आणि खाडीकाठी रेंज जाते आणि मोबाइलनं पैसे जात नाहीत. नकाशा आधीच उतरवून घ्या. रात्री गाडी चालवू नका. वळणं अनोळखी असतात आणि रस्त्यात गुरं बसलेली असतात.

पुळणीवर गाडी नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, चाक एकदा फिरलं की गाडी पोटापर्यंत रुतते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.

आणि पोहण्याबद्दल कळकळीनं सांगतो. गणपतीपुळे आणि आरे-वारे दिसायला शांत, पण तिथे दरवर्षी घरंच्या घरं दुःखात बुडतात. पाणी उतरत असताना, म्हणजे सुकतीला, आत जाऊ नका. गुडघ्याच्या वर जाऊ नका. लाटांच्या रांगेत मधेच एक पट्टा सपाट, गढूळ दिसतो, तिथे लाट फुटत नाही म्हणून लोक मुलांना तिथेच उतरवतात. तो ओढीचा पट्टा असतो, पाणी तिथून समुद्रात परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला निघा. गावकरी नको म्हणाला तर नको.

होडीत जॅकेट मिळालं नाही तर होडीत बसू नका. जॅकेटचे बंद मुलांच्या अंगावर स्वतः ओढून बघा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. फेरीबोटीवरचं आणि किनाऱ्यावरचं मीठ पत्र्याला लागलेलं असतं. सुके मासे आणले असतील तर ते त्याआधी डिकीतून काढा.